पत्र्यावरचे दगड आणि रेडिओवरच्या गप्पा

२१ मार्च २०२४ ची सकाळ. सहा नुकतेच वाजून गेले होते. चहाचं आधण ठेवून मी दूध काढायला वळले, तेवढ्यात मांडणीवरची ताटं वाजायला लागली. मांजर असेल म्हणून ‘शुक् शुक्’ केलं, तर मांजर दारातच उभं, माझ्याकडे बघत. मग पायाखालची फरशी हलली तेव्हा कळलं. गॅस बंद केला, सासूबाईंचा हात धरला आणि अंगणात आले. सगळी गल्ली बाहेर. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या कडेवर झोपेतलं लेकरू. पहिला धक्का ४.५ तीव्रतेचा आणि पाठोपाठचा ३.६ चा होता, हे नंतर समजलं. हिंगोली, नांदेड, परभणी तिन्हीकडे जाणवला. नशिबानं कुणाचा जीव गेला नाही.

माझी धाकटी नणंद वसमत तालुक्यात दिलेली आहे. तिकडच्या बायकांना हे नवीन नाही. वसमत, औंढा आणि कळमनुरी तालुक्यांतल्या काही गावांत कित्येक वर्षं जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज येतो. पांगरा शिंदे गावाचं नाव त्यापायीच पेपरात यायला लागलं. आपण ‘पाऊस आला’ म्हणतो तशा त्या ‘आवाज आला’ म्हणतात आणि भाकरी उलटवतात. पण त्या दिवशी फोनवर नणंदेचा आवाज वेगळा लागला. घाबरलेला म्हणणार नाही, वैतागलेला होता.

“वहिनी, पत्र्यावरचे दगड काढा म्हणायलेत.”

“बरोबरच आहे ना गं. उद्या हादरा बसला तर दगड खाली, लेकरांच्या अंगावर.”

“ते कळतंय मला. काढले म्या. पण रातीला वावधान सुटलं तर पत्रे कोण धरून बसावं? दगड काय हौसेनं ठेवले होते का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची चूक नव्हती, सूचनेचीही नव्हती. टिनपत्र्यावर दगड ठेवले असतील तर काढून घ्या, हे प्रशासनाचं आवाहन अगदी योग्य होतं. आपल्याकडे माळवदाची, दगडमातीच्या भिंतींची घरं अंगावर पडून काय होतं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं दाखवलंय. पण सूचना इथे संपत होती आणि नणंदेचा संसार तिथून पुढे सुरू होत होता. “मग विचार ना गावाच्या ग्रुपवर,” मी म्हणाले. ती म्हणाली, “त्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतंय.”

रात्री त्याच फोनवर कुठून तरी दुसरीच एक क्लिप आली. रात्री बारा ते तीनमध्ये मोठा धक्का येणार, नासानं सांगितलंय, घरात झोपू नका. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगू शकत नाही. पण हे सांगणारं ओळखीचं माणूस त्या घडीला जवळ नव्हतं, म्हणून नणंदेच्या आळीनं लेकराबाळांसह रात्र अंगणात काढली. डासांनी फोडून काढलं ते वेगळंच.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. सूचना पोचली आणि अफवाही पोचली, पण बाईचा उलटा प्रश्न मात्र कुठंच पोचला नाही.

आमच्याकडे रेडिओ म्हणजे परभणी. १९६८ साली सुरू झालेलं परभणीचं आकाशवाणी केंद्र. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही परभणीचेच होतो आणि नंतरही कानांनी परभणीचेच राहिलो. पुढे नांदेडचं एफएम आलं, तरी आमच्या सासूबाईंच्या ट्रान्झिस्टरचा काटा हलला नाही. तो काटा चिकटपट्टीनं कायमचा चिकटवलेलाच होता म्हणा ना. पहाटे भक्तिगीतं, मग बाजारभाव, शेतीचं, दुपारी बायकांचं, संध्याकाळी पुन्हा शेतीचं. ज्यांचा जन्म १९८० च्या आधीचा आहे त्या मैत्रिणींना आठवत असेल, रेडिओलासुद्धा लायसन लागायचं आणि त्याचं पुस्तक घेऊन पोस्टात पैसे भरायला जावं लागायचं. घरात रेडिओ असणं म्हणजे काय थाट होता! तिकडे मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी तर कितीतरी घरांत नातेवाईकच होऊन बसले होते.

सासूबाई एकदा त्या रेडिओवर बोललेल्या आहेत. गावातल्या भजनी मंडळाच्या बायका रेकॉर्डिंगला परभणीला गेल्या होत्या, सहा-सात जणी, एसटीनं, भाकरी बांधून. ओव्या म्हणून झाल्यावर तिथल्या बाईंनी सहज विचारलं, ही ओवी तुम्हाला कुणी शिकवली? सासूबाईंनी उत्तर दिलं आणि ते उत्तर चांगलं पाच मिनिटं चाललं. आजीचं नाव, जातं, पहाटेचा अंधार, दुष्काळात जात्यावर काय दळायचो, सगळं त्यात आलं. कार्यक्रम लागला त्या दिवशी आमच्या वाड्यात अर्धा गाव. सासरे ओट्यावर, पेपर तोंडापुढे धरून. पेपर उलटा होता म्हणतात. ओव्या झाल्या तेव्हा लोकांनी माना हलवल्या, पण सासूबाई बोलायला लागल्या तेव्हा कुणी हललंच नाही. गावातली बाई घराबाहेर एवढा वेळ, न थांबता, कुणी मधे न बोलता बोलली आहे हे गाव पहिल्यांदाच ऐकत होतं. सासूबाई आजही म्हणतात, “तो आवाज माझा न्हवता बाई. माझ्या मायचा होता.” आमच्या घरी तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हता. ती पाच मिनिटं हवेत गेली.

रेडिओनं सांगायचं आणि आपण ऐकायचं, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. पण उलट बोलण्याची सोय आपल्याच राज्यात फार जुनी आहे, हे मला अलीकडे वाचताना कळलं. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुणे आणि आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत एक प्रयोग केला. (मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपला नंबर लागला नाही.) गावातल्या पंधरा-वीस जणांचं मंडळ करायचं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐकायचा. मग रेडिओ बंद करून त्यावर आपसात बोलायचं, आणि जे अडलं असेल ते केंद्राला लिहून कळवायचं. त्या प्रश्नांची उत्तरं पुढे रेडिओवरून मिळायची. असे वीस कार्यक्रम झाले. प्रयोग इतका जमला की पुढे देशभर अशी मंडळं निघाली. त्या मंडळांत बहुतांश गडीमाणसंच बसत, हे सांगायलाच नको. चावडीवर रेडिओ आणि चावडीवर बाई, या दोन गोष्टी एकदम कशा जमायच्या?

बायकांच्या हातात माइक यायला त्यानंतर पन्नासएक वर्षं गेली.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, एकट्या सरकारची नव्हे. गंमत म्हणजे खटला होता क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा. त्यातून पुढे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळाली. यालाच सामुदायिक रेडिओ म्हणतात. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, फार तर तीस मीटरचा मनोरा आणि दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. म्हणजे आपल्या नकाशात सांगायचं तर एखाद्या आठवडी बाजाराला जितक्या गावांतून माणसं येतात, तेवढा. निदान अर्धे कार्यक्रम तिथल्याच लोकांनी, तिथल्याच बोलीत केलेले असले पाहिजेत, हा नियम आहे. मला तो नियम फार आवडला.

या नियमाची वाट न बघता कितीतरी वर्षं आधीच कामाला लागलेल्या बायका आपल्या शेजारीच आहेत. नांदेडकडून देगलूर, बिदर ओलांडून पुढे गेलं की तेलंगणात जहीराबाद लागतं. त्या भागातल्या माचनूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांचा ‘संघम रेडिओ’ आहे. या बायका दलित, कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर ज्वारी, बाजरी, राळा अशी धान्यं घेणाऱ्या आणि एरवी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी युनेस्कोच्या मदतीनं त्यांना रेकॉर्डिंगचं सामान मिळालं, परवानगी मात्र नव्हती. मग त्यांनी काय केलं? आपले कार्यक्रम कॅसेटवर भरले आणि संघाच्या बैठकीत टेप लावून ऐकवले. हवेतून जाता येईना तर पायी गेल्या! एक-दोन वर्षं नव्हे, जवळजवळ दहा वर्षं. १५ ऑक्टोबर २००८ ला त्यांचं केंद्र खऱ्या अर्थानं हवेत गेलं. स्वयंसेवी संस्थेला मिळालेल्या परवानगीवर चाललेलं देशातलं हे पहिलं केंद्र. चालवणाऱ्या दोघी, दोघींचंही नाव नरसम्मा. एक जनरल नरसम्मा, दुसरी अल्गोल नरसम्मा. संध्याकाळी शेतातली कामं आटोपली, चुली पेटल्या की त्यांचा कार्यक्रम सुरू. कुठलं बी कुणाकडे आहे, कुठल्या दुखण्यावर घरात काय करतात, कुठल्या सणाला कुठलं गाणं.

यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. शेजारच्या गावची बाई बोलत असते, म्हणजे ऐकणारीला तिच्याकडे जाता येतं. मुंबईच्या तज्ज्ञानं रेडिओवर सांगितलेलं बियाणं मागायला कोण जाणार? पण दोन कोसांवरची अमुक म्हणाली की माझ्याकडे आहे, तर सकाळी टोपली घेऊन तिच्या दारात उभं राहता येतं. खोटं सांगितलं असेल तर भांडताही येतं.

आपल्या राज्यात असंच नाव निघतं ते साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडचं. माण म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. तिथं चेतना गाला सिन्हा यांनी बायकांना घेऊन १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. त्या बँकेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण सभासद बायका अंगठा लावणाऱ्या. बायका घरी आल्या, सही शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. बँक मिळाली. याच बायकांच्या संस्थेनं २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू केली, ९०.४ मेगाहर्ट्झवर. त्यावर आरोग्य, कायदा, शेळीपालन, बाजार, शाळकरी पोरं आणि गाणी, सगळं चालतं. साठी उलटलेल्या केराबाई सरगर त्या रेडिओवर माणदेशी ठसक्यात गात-बोलत आल्या आणि त्यांचं नाव पार मोठ्या शहरांपर्यंत गेलं.

पैशाचं बोलणं बायका चारचौघांत करत नाहीत, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. गटाचा हप्ता थकला तर आजारपण सांगतील, पाहुणे सांगतील, नवऱ्यानं पैसे घेतले हे सांगणार नाहीत. रेडिओवर चेहरा दिसत नाही आणि बोली मात्र आपली असते. म्हणून तिथं कधी कधी जे बोललं जातं ते बैठकीत बोललं जात नाही. चेहरा झाकून तोंड उघडायची ही सोय आपल्याकडे जात्यानं केली होती. जात्यावर बसलं की सासूबद्दलही बोलता यायचं, आणि सासू पलीकडच्या खोलीत जागी असायची!

माण आणि माचनूरची एवढी कौतुकं सांगितली, तर हिंगोलीत बोलायला आहे तरी काय, असं कुणी विचारेल. अहो, काय नाही ते सांगा. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी लाखाच्या घरात माणसं येतात. रांगेत आदल्या रात्रीपासून बायका उभ्या. प्रत्येकीच्या पदराच्या गाठीत एक नवस. कुणाला लेकरू हवंय, कुणाच्या पोराची नोकरी, कुणाची दारू सुटायचीय. दुसऱ्या दिवशी पेपरात गर्दीचा आकडा येतो आणि मंत्र्यांचा फोटो येतो. त्या रांगेत एक माइक घेऊन एक रात्र काढली तर जिल्ह्याची खरी जनगणना होईल. दीडशेहून जास्त वर्षांच्या परंपरेचा आमचा दसरा, त्यातलं प्रदर्शन आणि आकाशपाळणे. महाशिवरात्रीची औंढ्याची यात्रा. नर्सीला नामदेवांचं जन्मगाव, तिथे पायी येणाऱ्या दिंड्या आणि वाटेवरच्या गावांत त्यांच्यासाठी रात्री तीनला उठून स्वयंपाक करणाऱ्या बायका. त्या किती पिठाच्या पोळ्या लाटतात, पीठ कोण देतं, उष्टी पत्रावळ कोण उचलतं, हे कुणी विचारलंय कधी?

आणि हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हळद संशोधन केंद्र आलं, हिंगोलीच्या बाजारात लांबलांबून व्यापारी येतात. फेब्रुवारीपासून काढणी. ट्रॅक्टरनं जमीन उकरून द्यायची आणि मग ढेकळांतून कंद वेचत, माती झाडत, बोटं मोडत पुढं सरकायचं ते बायकांनी. मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. हळदीच्या भावावर रोज चर्चा असते, वेचणाऱ्या बाईच्या कमरेवर नसते. उन्हात दिवसभर वाकून लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या किती जणी मी बघितल्यात. हे बोलायला दवाखान्यात लाज वाटते. रेडिओवर एखादी बोलली, दुसरीनं ‘मलाही होतंय गं’ म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरणीला तिथं आणून बसवलं, तर काय बिघडेल?

समाजसेवेच्या बातम्यांविषयीही जरा बोलते, राग मानू नका. आपल्या गावात चांगली कामं करणारे लोक कमी नाहीत. रक्तदान होतं, डोळ्यांची शिबिरं होतात, अनाथ लेकरांना वह्या मिळतात. उमऱ्याची ‘उगम’सारखी संस्था कयाधू नदीसाठी वर्षानुवर्षं माती तुडवते. पण बातमी कशी येते? ‘मान्यवरांच्या हस्ते फळवाटप.’ फोटोत एक केळं आणि त्याला सात हात! रुग्ण कोपऱ्यात, अर्धा कापलेला. केळं मिळाल्यावर ती बाई काय म्हणाली हे कुणी छापत नाही. कदाचित म्हणाली असेल की केळं नको, रात्री लेकराजवळ बसायला कुणी असतं तर बरं झालं असतं. दवाखान्यात एकट्या बाईला रात्री लागतं ते एवढंच असतं, मी काढल्यात तशा रात्री. गावच्या रेडिओवर ती बोलली असती तर गल्लीतल्या दोघी-तिघी डबा घेऊन गेल्या असत्या. अहिल्यानगरला ‘स्नेहालय’ संस्थेनं स्वतःचा ‘रेडिओ नगर’ चालवला. देहविक्रीच्या चक्रात सापडलेल्या बायका आणि एचआयव्हीबाधित मुलं यांच्यासाठी झिजणारी ही संस्था. ज्यांच्याविषयी शहर कुजबुजतं, त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनीच घरोघरी बोलायचं ठरवावं, यातलं धैर्य मला देणगीच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

अडचणी आहेतच, त्याही सांगते. परवानगी एकट्या व्यक्तीला मिळत नाही, राजकीय पक्षाला नाही आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीलाही नाही. नोंदणी होऊन निदान तीन वर्षं झालेली, ना-नफा तत्त्वावर काम करणारी संस्था लागते, नाहीतर विद्यापीठ, कॉलेज किंवा कृषी विज्ञान केंद्र. कागदपत्रांना महिने लागतात. मशीनपेक्षा पुढचा महिन्याचा खर्च जड जातो. वीज, दुरुस्ती आणि माइकसमोर बसणाऱ्या पोरींचं मानधन. जाहिराती आधी तासाला पाचच मिनिटं चालायच्या, मग सात झाली, फेब्रुवारी २०२४ च्या नव्या नियमांत बारा केली. पण किराणा दुकानदार जाहिरात द्यायला कुरकुरतोच. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, परीक्षा, वीज-पाणी, यात्रा, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती मात्र देता येते. म्हणजे पत्र्यावरचे दगड नियमात बसतात. देशात आता अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. एवढ्या मोठ्या देशात पाचशे म्हणजे भाजीत चिमूटभर मीठ.

त्याच नव्या नियमांत आणखी एक गोष्ट आली, तिची बातमी कुठं ठळक झालेली मी तरी पाहिली नाही. केंद्रावर काय लावायचं हे ठरवणाऱ्या सल्लागार समितीत निदान अर्ध्या बायका असल्या पाहिजेत. सतरंजी घालायला आणि हारतुरे द्यायला नव्हे, ठरवायला. आता तिथं बसून चहाचे कप मोजायचे की बोलायचं, हे आपल्याला बघावं लागेल. ग्रामपंचायतीत ‘सरपंचपती’ शिरले तसे इथं ‘समितीपती’ शिरायला वेळ लागणार नाही.

आणि एक बारीकशी गोष्ट. पूर्वी साध्या फोनमध्ये रेडिओ यायचा, इअरफोनची वायर खोचली की तीच एरियल. आता कितीतरी नव्या फोनमध्ये ना ते भोक आहे, ना रेडिओ. २०२३ मध्ये सरकारनं कंपन्यांना फोनमधला एफएम बंद ठेवू नका असं सांगितलं. दुकानात फोन घेताना मी आता विचारते, यात रेडिओ लागतो का? दुकानातला पोरगा माझ्याकडे असा बघतो, जणू मी फोनवर दळण मागितलं.

नणंदेच्या पत्र्यांचं काय झालं, ते राहिलंच. उत्तर तिला तिच्या बचतगटाच्या बैठकीत मिळालं, आणि तेही योगायोगानं. त्या दिवशी शेजारच्या तांड्यावरची एक बाई पासबुक घ्यायला आली होती. तिचा भाऊ पत्र्याचे शेड मारतो. ती म्हणाली, दगड कशाला ठेवता, पत्र्याला भोक पाडून खालच्या लोखंडी पाइपाला वाकडा हूक-बोल्ट आवळायचा, वर रबराचा वायसर, म्हणजे गळत नाही. लाकडी वासे असतील तर खिळ्यांऐवजी स्क्रू. एवढंच. दोन गावांमध्ये तीन किलोमीटर अंतर. हे उत्तर तांड्यावर कितीतरी वर्षं होतं आणि प्रश्न नणंदेच्या छपरावर तितकीच वर्षं दगड होऊन बसला होता.

पावसाळ्याच्या तोंडावर तिनं बोल्ट आवळून घेतले. १० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमाराला पुन्हा ४.५ चा धक्का बसला, तोही हिंगोलीतच. मी तिला फोन लावला तर लागेना. काळजाचं पाणी झालं. अर्ध्या तासानं तिचाच आला.

“कुठं होतीस गं?”

“बोलायले होते.”

“कुणाशी, इतक्या वेळ?”

तिनं फोनवर स्वतःचाच आवाज भरला होता. दीड मिनिटाचा. मला ऐकवला. “मी अमक्या गावची बोलायले. आत्ता हादरा बसला. आमचे पत्रे जागेवर हायेत, वर एक बी दगड नाही. दगड काढायचे, पण आधी बोल्ट लावायचे, मग काढायचे. कसं ते सांगते...” मागे कोंबड्या ओरडत होत्या, कुकरची शिट्टी होत होती आणि कुणीतरी म्हातारं माणूस ‘कोणाला सांगायलीस गं?’ म्हणून विचारत होतं. तिनं ते आठ गावांतल्या गटांच्या बायकांना पाठवलं. त्या ग्रुपवर सगळ्यांनाच लिहिता येतं, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं.

सासूबाईंनी ते दोनदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, “हे पुसून टाकू नको म्हणावं.”

दुपारपर्यंत नणंदेला अकरा जणींनी उलट विचारलं होतं. पहिला प्रश्न होता, बोल्ट कुठल्या दुकानातून घेतले आणि एक केवढ्याला बसला?